मायालोच्या पेटीतला दिवा

लग्नातली पेटी बाई सहसा रिकामी करत नाही. मायालोने ती एका सकाळी केली. आतली ब्लँकेटं तिने सासूच्या पलंगावर रचली आणि पेटीच्या तळाशी आंबट दुधाचे रिकामे डबे मांडले, मातीने भरून. सासू, नोफेझिले आजी, दारात उभी राहून बघत होती.

"माहेरच्यांनी पेटी कशाला दिली आणि सून तिच्यात काय पेरतेय," आजी म्हणाली. "गांजा! ज्या घरातून मी दर गुरुवारी चर्चचं लाल ब्लाउज घालून प्रार्थनेला जाते, त्या घरात."

"तुमच्या लेकाला झोप लागावी म्हणून पेरतेय, आई."

"म्हणून तर गप्प आहे."

गप्प राहणं म्हणजे काय, हे आजीला कधीच नीट कळलं नव्हतं. पण पेटीला तिने हात लावला नाही. मी मुलीचा शाळेचा स्कर्ट न्यायला आले होते, तो घेऊन निघाले. आमच्या दोन घरांमध्ये फक्त तारेचं कुंपण, त्यामुळे पुढचं सगळं मला घरबसल्या दिसत गेलं.

मायालो म्हणजे यालो कुळातली लेक. तिचं खरं नाव म्थाथा शहरातल्या आमच्या वस्तीत फारसं कुणाला ठाऊक नाही. ती पोंडो डोंगरातून लग्न होऊन इथे आली तेव्हा तिचा नवरा ज्वारा उत्तरेला सोन्याच्या खाणीत होता. तो वर्षातून एकदा, नाताळात यायचा. बाकीचं वर्ष ती शिवणयंत्रावर काढायची. शाळांचे स्कर्ट, शर्ट, पांढऱ्या कॉलर. वस्तीतल्या निम्म्या पोरांचं माप तिला तोंडपाठ आहे, आणि कुणाचं पोट सुटलंय हे ती भर रस्त्यात सांगते. मग खाणीत छत कोसळलं, ज्वाराच्या पाठीचा कणा दुखावला, आणि इतकी वर्षं पाहुण्यासारखा येणारा नवरा कायमचा घरी आला. दिवसा तो चांगला असायचा, पण झोपायला आडवा झाला की पाठीत कुणी पहार घालतंय असं त्याला वाटायचं. डॉक्टरच्या गोळ्यांनी पोट जळायचं, झोप यायची नाही.

झोप यायची ती मायालोच्या आईने पाठवलेल्या पाल्याने. त्या म्हातारीने उतारावरच्या आपल्या तुकड्यात आयुष्यभर गांजाची एकच जात लावली होती, तिच्या आईने लावलेली. मक्याच्या पानात गुंडाळून ती टॅक्सीवाल्याच्या हाती पुडी द्यायची. मायालो त्याचा काढा करायची आणि ज्वारा मांजरासारखा झोपायचा.

यंदाच्या हिवाळ्यात म्हातारी गेली. मायालो मातीला गेली तेव्हा तिला कळलं, भावाने शेतात कंपनीचं नवं बियाणं लावलंय. जुन्या जातीचं एकही झाड उरलं नव्हतं. आसपासच्या उतारांवरही नाही. आईच्या तपकिरीच्या डबीत चिमूटभर बिया मिळाल्या, तेवढंच. भावाने नवा मालही दिला होता. ज्वाराने तो एकदा घेऊन पाहिला, आणि उजाडेपर्यंत काठी धरून दाराशी बसला, कुणीतरी आत येणार म्हणून.

"तो माल नाही, ते भूत आहे," मायालो म्हणाली. "मला माझ्या आईचंच हवं."

अंगणात लावायची सोय नव्हती. घरापुरतं लावायला कायद्याची आता आडकाठी नाही, पण रस्त्यावरून दिसता कामा नये, आणि आमच्या कुंपणातून शेळ्यासुद्धा दिसतात आणि आत येतात. कोवळं रोप तर गोगलगायही एका रात्रीत संपवते. मागची भिंत उंच करायला वेळ होता. तोवर रोपं घरात वाढवायची ठरली.

पहिल्या खेपेला तिने अर्ध्या बिया पेरल्या, आणि ज्वाराने हौसेने अंगणातला चोरांसाठी लावलेला मोठा दिवा काढून त्यांच्यावर टांगला. रोपं दोन पानांची झाली, पानांच्या कडा वर वळल्या, मग करपल्या. आठवड्याभरात सगळी गेली. मायालोने डबे धुतले, पालथे घातले आणि शिवायला बसली. तेव्हा ज्वारा कुंपणापाशी येऊन मला म्हणाला, "ती ओरडली असती तर बरं झालं असतं गं."

दिवा विकत घ्यायला आम्ही तिघं गेलो. त्या दोघांनाच पाठवलं असतं तर दुकानातच तमाशा झाला असता. टॅक्सी स्टँडमागे लुबाबालो नावाचा तिशीतला माणूस माती, कुंड्या आणि झाडांचे दिवे विकतो. त्याने टेबलावर दिव्यांचा एक भलामोठा पत्रा ठेवला आणि बटण दाबलं. सगळं दुकान जांभळं झालं. आमची तोंडंसुद्धा.

"हा घ्या," ज्वारा लगेच म्हणाला. "खोक्यावर हजार वॅट लिहिलंय."

"काका, खोक्यावर काय, मी माझ्या शर्टावर राजा लिहीन," लुबाबालो म्हणाला. "हा शंभरसुद्धा ओढत नाही. आणि शंभर तरी कशाला हवेत? तुमची रोपं केवढी?"

"अजून पेरायची आहेत," मायालो म्हणाली.

"मग तान्ह्या बाळाला मटण कशाला भरवता मावशी? त्याला दूध पुरे." त्याने खालच्या फळीवरून हातभर लांबीची पांढरी पट्टी काढली. "एलईडी आहे. वीस वॅटसुद्धा नाही. पांढरा उजेड, दिवसासारखा. रोपाच्या वर एक वीत टांगायचा. रोप मान लांब करून वाकायला लागलं तर दिवा खाली घ्या, पानं वळली तर वर. बस."

"हा दिवा?" ज्वाराने काठी आपटली. "याच्यात मला माझा बूट सापडणार नाही."

मायालो त्याच्याकडे वळली. "इतकी वर्षं कपाळाला काडेपेटीएवढा दिवा बांधून तुम्ही डोंगराच्या पोटातलं सोनं शोधलंत. आणि चार रोपांना तुम्हाला फुटबॉलच्या मैदानाचे दिवे हवेत?"

लुबाबालो हसला, मीही हसले. ज्वाराही हसला असता, पण आधीची रोपं त्याच्या डोळ्यांसमोर होती. तो बाहेर जाऊन उभा राहिला.

मायालोने तळहात उलटा करून पट्टीखाली धरला. इस्त्री तापलीय का ते बघताना ती असाच धरते. बराच वेळ धरला. "ऊब नाहीच," ती म्हणाली. "आमच्या घरात किटली आणि इस्त्री एकदम लावली की मेन स्विच पडतो. हा चालेल. पण लोडशेडिंगमध्ये काय?"

"याच्या पोटात बॅटरी आहे. वीज गेली की आपोआप तिच्यावर चालतो. बंद करायचा असेल तर या बाजूचं बारीक बटण दाबायचं, नाहीतर चालूच राहतो."

ते बारीक बटण मायालोने पाहिलं, मी पाहिलं. घरी आजीला दाखवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

उरलेल्या सगळ्या बिया तिने एकदम पेरल्या. जुन्या बिया, आणखी एक वर्ष टिकल्या नसत्या. पाच उगवल्या. पाच रोपं, आणि त्यांच्यामागे डबीत काही नाही. दोन झाडूंच्या काठ्या पेटीच्या कडांवर आडव्या टाकून त्यांना तिने पट्टी बांधली. तरी तिचा जीव भरेना. एवढ्याशा दिव्याचा उजेड पेटीच्या काळ्या लाकडात मुरून जातो असं तिला वाटायचं. मग तिने वस्तीतल्या पोरांकडून वेफर्सच्या रिकाम्या पुड्या गोळा केल्या, धुतल्या, उलट्या करून आतून चारी बाजूंना चिकटवल्या. चांदीच चांदी. उघड्या झाकणाला आपला आरसा बसवला.

"छोटा दिवा आणि मोठा उजेड," ती मला म्हणाली. त्या दिवसांत ती पहिल्यांदा खूश दिसली. रोपं खरोखर ठेंगणी, जाड दांड्याची, गडद झाली.

आजी मात्र त्या पेटीच्या बाजूने चालेना. भिंतीला चिकटून जायची.

याचं कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. गडगडाट सुरू झाला की आमच्याकडे घरातला प्रत्येक आरसा झाकतात, चकाकणारं भांडं पालथं घालतात, टीव्ही, फ्रिज, सगळ्याच्या पिना काढतात, आणि मग वादळ जाईपर्यंत कुणी बोलत नाही. चकाकी विजेला बोलावते, आवाज तिला रस्ता दाखवतो. आजीचा धाकटा मुलगा वेलिले असाच गेला. खिडकीत आरसा टेकवून दाढी करत होता. आभाळ भरलेलं आजीने अंगणातून पाहिलं होतं. ती वाळत घातलेले कपडे काढत राहिली. आधी कपडे, मग आरसा, असं तिने ठरवलं होतं. आरशापर्यंत ती पोहोचलीच नाही.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी मी मायालोकडे तिच्यासाठी कातरलेल्या कॉलर पोहोचवायला गेले आणि दक्षिणेकडून आभाळ काळंनिळं झालं. परत जाईन म्हणेपर्यंत पहिला गडगडाट झाला.

"बस खाली, पोरी," आजीने मला सांगितलं. वादळाआधीचं हे तिचं शेवटचं बोलणं. मग ती उठली.

वय झालेली बाई इतक्या झपाट्याने हलताना मी पाहिली नव्हती. टीव्हीची पिन. फ्रिजची पिन. शिवणयंत्रावर चादर. कपाटाच्या काचेवर शाल. परातीएवढं ताट पालथं. मायालो मागून घाईने एक पातळ सुती चादर घेऊन पेटीकडे निघाली. ती तिने याचसाठी घडी करून ठेवली होती, चादर काठ्यांवर हलकी पसरली की झालं. पण आजी आधी पोहोचली. तिने पेटीच्या दिव्याची पिन भिंतीतून ओढली.

दिवा विझला नाही.

आजीने हातातल्या पिनेकडे पाहिलं, मग दिव्याकडे. पेटी आतून लखलखत होती, आरशात दुसरी पेटी लखलखत होती, आणि बाहेर खिडकीत वीज चमकली तेव्हा तिन्हीकडे एकदम पांढरं झालं. आजीच्या तोंडाचा आ झाला, पण आवाज आला नाही. तिने पलंगावरचं लोकरीचं ब्लँकेट उचललं, मायालोच्याच लग्नातलं, ओल्या मेंढीएवढं जड, आणि झाकणापासून खालपर्यंत पेटीवर फेकलं.

मी काठी घसरल्याचा आवाज ऐकला. बारीकसा, लाकडावर लाकूड. मायालोनेही ऐकला.

ती जागेवर थिजली. तोंड उघडलं तर सासूच्या डोळ्यांत ती खुनी ठरणार होती. ब्लँकेट ओढलं तर त्याहून वाईट. आजी पेटी आणि तिच्यामध्ये उभी राहिली आणि बोटाने खाली दाखवलं. बस. मायालो बसली. ज्वारा खुर्चीत होता, दोन्ही हात काठीवर, त्याला वाकता येत नाही. तो एकदा आईकडे बघे, एकदा बायकोकडे. पत्र्यावर आधी थेंब, मग गारा. एवढ्या आवाजात कुणी बोललं असतं तरी ऐकू गेलं नसतं, पण कुणी बोललं नाही.

ब्लँकेटमधून उजेड दिसत होता. विणीच्या भोकाभोकांतून. तो जिथून यायला हवा होता तिथून नाही, खालच्या बाजूने येत होता. म्हणजे पट्टी घसरून रोपांवर पडली होती, आणि तिच्यावर ब्लँकेटचं ओझं. माझ्या डोक्यात दुसरंच. लोकर आणि पेटता दिवा. मी नाक ताणून धुराचा वास शोधत होते. ज्वाराही तेच करत असावा, कारण त्याने मान वर केली होती.

मायालो गुडघ्यांवर आली. मग हातांवर. आजीचं लक्ष खिडकीकडे गेलं तेवढ्यात ती जमिनीवरून सरपटत पेटीपाशी पोहोचली, ब्लँकेटची कड उचलली आणि डोकं, खांदे, दोन्ही हात आत घातले. तिची पाठ वर आली, ब्लँकेट तिच्या पाठीवर तंबूसारखं उभं राहिलं. चकाकी झाकलेलीच होती. फक्त तिच्यात आता मायालोचं डोकं होतं.

आजी वळली आणि तिने ते पाहिलं.

ती धावली. तिने मायालोचा स्कर्ट दोन्ही मुठींत धरला आणि ओढायला लागली. मायालोने पेटीची कड आतून पकडली असावी, कारण ती हलली नाही. आजी ओढतेय, सून धरून आहे, आणि दोघींच्या तोंडून शब्द नाही. शिवण उसवल्याचा आवाज आला. मी उठायला गेले तर ज्वाराने काठी आडवी केली. का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तेव्हा वीज पडली. कोपऱ्यावरच्या डीपीवर, आमच्या दोन घरांच्या पलीकडे. पांढरा उजेड आणि आवाज वेगळे आलेच नाहीत. घर हललं. वस्तीतल्या सगळ्या खिडक्या एकदम मेल्या, आणि अंधारात एकच गोष्ट उजळ राहिली, ब्लँकेटखालचा तो दिवा आणि त्याच्यावर वाकलेली बाईची काळी आकृती. न हलणारी.

"वेलिले!" आजी ओरडली.

इतक्या वर्षांत ते नाव त्या घरात कुणी घेतलं नव्हतं. आणि वादळात तर आजी खोकतसुद्धा नसे.

"वेलिले! वेलिले!"

ब्लँकेटखालून आवाज आला. "आई, मी आहे. आई. मी आहे इथे, मायालो."

आजीने तिचा स्कर्ट सोडला नाही. पण ओढायची थांबली. तशीच धरून खाली बसली, सुनेच्या पायांना पाठ लावून, आणि वादळ डोंगरापलीकडे जाईपर्यंत दोघी तशाच राहिल्या.

ब्लँकेट काढलं तेव्हा दोन रोपं मुळाजवळ मोडलेली होती. एकाची मान वाकली होती, तिला मायालोने काडी आणि शिवणाचा दोरा बांधला. दोन धड होती. ब्लँकेटचा पट्टीवर पडलेला भाग तिने हातात घेऊन चाचपला, मग आजीच्या गालाला लावला.

"बघा, कोमटसुद्धा नाही." मग ज्वाराकडे वळली. "तुमचा मैदानाचा दिवा असता आणि बॅटरीवर चालला असता, तर आत्ता आपण चौघं गारांमध्ये उभे असतो आणि घर जळत असतं."

"मला काय सांगतेस," ज्वारा म्हणाला. "मी केव्हाच म्हटलं होतं, छोटा घे."

मायालोने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून चहाचं बघायला गेला. वीज नव्हती, चहा होणार नव्हता, पण गेला.

आजी मोडलेली दोन रोपं तळहातावर घेऊन बसली होती. "पुन्हा लाव," ती म्हणाली.

"बिया नाहीत आता, आई. होत्या तेवढ्या लावल्या."

ते दोन कोंब आजीने खिशातल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

डीपी जळाला होता, वस्तीला वीज कधी येईल ते नगरपालिकेलाच माहीत. दिव्याची बॅटरी रात्रीत संपली. पुढचे दिवस आभाळ इतकं भरलेलं की खिडकीत ठेवूनही रोपांना पुरेसा उजेड नाही. तिन्ही रोपं मान लांब करायला लागली, पांढुरकी, दोऱ्यासारखी. मायालो दर तासाला त्यांच्याकडे बघायची आणि शिवणीत सुई बोटात घुसवून घ्यायची. गुरुवार आला. आजी लाल ब्लाउज, पांढरी कॉलर घालून निघाली, पिशवीतून पट्टीचं एक टोक बाहेर डोकावत होतं. चर्चच्या सभागृहात छपरावर सौर पत्रे आहेत. प्रार्थना चालू असताना दिवा वेदीमागच्या भिंतीतल्या प्लगवर चार्ज होत होता.

"पास्टरने विचारलं, नोफेझिले, हे काय?" तिने परत आल्यावर कुंपणातून मला सांगितलं. "म्हटलं, लेकाचं औषध आहे. खोटं बोलले का?"

"नाही, आजी."

"मग झालं. उद्या पुन्हा नेणार."

वीज येईपर्यंत तिने तो रोज नेला. त्या दिवसांत मायालोने पेटीतली सगळी चांदी सोलून काढली, आरसा उतरवला. जागेवर शाळेच्या शर्टांचं उरलेलं पांढरं कापड ताणून टाचलं. लुबाबालोने पाहिलं तेव्हा म्हणाला, पांढरं जवळपास तेवढाच उजेड परत देतं, हे आधी का नाही केलं मावशी? मायालो म्हणाली, "आधी तू का नाही सांगितलंस लेका?" पट्टी आता काठ्यांना नुसती बांधलेली नव्हती, खिळ्यांनी ठोकली होती. बारीक बटणाला लाल दोरा बांधला होता, आजीला दिसेल असा.

नोव्हेंबरात पुन्हा आभाळ भरलं. मायालो माझ्याकडे होती, माप घेत होती. गडगडाट ऐकला आणि ती टेप टाकून पळाली, मी तिच्यामागे. दारात पोहोचलो तेव्हा कपाटावर शाल होती, ताट पालथं होतं, सगळ्या पिना जमिनीवर पडल्या होत्या. ज्वारा खुर्चीत. आणि आजी पेटीसमोर उभी होती, हातात तेच लोकरीचं ब्लँकेट.

आम्ही दोघी दारातच थांबलो. बोलायची सोय नव्हती.

आजी वाकली. आत कुठे काही चकाकतंय का, ते तिने कोपऱ्याकोपऱ्यात डोकं घालून पाहिलं. तीन रोपं, आता पेन्सिलीएवढ्या जाड दांड्याची, काडी बांधलेलं सुद्धा. तिने लाल दोरा शोधला आणि बटण दाबलं. दिवा विझला. मग सावकाश सरळ झाली, ब्लँकेट घेऊन ज्वाराच्या खुर्चीपाशी गेली आणि ते त्याच्या गुडघ्यांवर पसरलं. पेटी तशीच उघडी राहिली.

मग तिने डोळ्यांवरचा चष्मा काढला, चकाकणाऱ्या काचा स्कर्टच्या घोळात झाकल्या, आणि सुनेला हाताने खूण केली. ये, बस.